विषय: ५.१ ऑडिओच्या रूपांतरात चॅनलची अदलाबदल होणे आणि लांब फाइल मध्येच तुटणे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी चित्रपटांचे साउंड मिक्सिंग करते. स्ट्रीमिंगसाठी लागणाऱ्या ई-एसी-३ (ऑडिओ दाबून लहान करण्याचा एक प्रकार) फाइली तुमच्या सॉफ्टवेअरमधून काढते आणि त्याचे पैसे नियमित भरते. मागच्या अपडेटपासून ५.१च्या, म्हणजे सहा चॅनलच्या, फाइली चुकीच्या निघत आहेत. तसे कळवल्यावर मला स्पीकरच्या वायरी तपासायला सांगून तक्रार बंद करण्यात आली. हे मला मान्य नाही.

वायरींचा प्रश्नच येऊ नये म्हणून मी एक चाचणी फाइल बनवली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह प्रकारची. एलएफईवर (फक्त खर्जातल्या आवाजाचा, सबवूफरचा चॅनल) ५० हर्ट्झचा टोन, बाकी पाच चॅनलवर त्या-त्या चॅनलचे नाव बोलून रेकॉर्ड केलेले. क्रम डावा, उजवा, सेंटर, एलएफई, डावा सराउंड, उजवा सराउंड. हेडरमधला चॅनल मास्कही (फाइलमध्ये कोणकोणते चॅनल आहेत ते सांगणारी नोंद) हेच सांगतो. तुमच्याकडून आलेली फाइल डीकोड करून तिचे सहा मोनो ट्रॅक वेगळे काढले. डावा तेवढा जागेवर आहे. सेंटरमध्ये ‘उजवा’ ऐकू येते, उजव्यात ‘सेंटर’. टोन डाव्या सराउंडमध्ये जाऊन बसला, ‘डावा सराउंड’ उजव्या सराउंडमध्ये. ‘उजवा सराउंड’ एलएफईत गेला आणि तिथे शब्द कळेनासे होऊन नुसती घुमघुम उरली.

फिल्मच्या कामात डावा, सेंटर, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड, एलएफई असाही एक क्रम चालतो. माझी फाइल त्या क्रमाची समजून वाचली तर नेमका हाच निकाल येतो. म्हणजे सॉफ्टवेअर मास्क वाचतच नाही, असाच याचा अर्थ होतो.

याने काय बिघडते ते एका प्रसंगावरून सांगते. मागून उजवीकडून दारावर थाप पडते आणि नायिका दचकून वळते. ती थाप उजव्या सराउंडची, म्हणून ती एलएफईत जाते. एलएफई चॅनल साधारण १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज ठेवतो, त्यामुळे थापेचा सगळा कडकपणा जाऊन सबवूफरमधून एक बोथट धप्प येतो. फोनवर तर तोही येत नाही, कारण स्टिरिओ डाउनमिक्स करताना, म्हणजे सहा चॅनल दोनांत मिसळताना, एलएफई बहुतेक वेळा वगळलाच जातो. ती का वळली, हे प्रेक्षकाला समजायला काही मार्गच राहत नाही. त्यात सेंटरमधले सगळे संवाद उजव्या कानात. नंतर चॅनल जागेवर लावून हे सुधारत नाही. एलएफईत गाळले गेलेले परत मिळत नाही. मूळ फाइलवरून सगळे पुन्हा काढावे लागते.

दुसरी तक्रार लांब फाइलींची. साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी. वरच्याच मापाची सहा चॅनलची फाइल सेकंदाला ८,६४,००० बाइट घेते, म्हणजे साधारण १ तास २३ मिनिटांत ती मर्यादा संपते. म्हणून मी पूर्ण लांबीचा चित्रपट आरएफ६४मध्ये (४ जीबीपेक्षा मोठ्या फाइलींसाठीचा वेव्हचा प्रकार) देते, आणि तो प्रकार तुमच्या मदत-पानावर चालतो म्हणून नोंदवलेला आहे. तरी ऑडिओ नेमका तिथेच तुटतो.

दोन्ही वेळा पडद्यावर ‘रूपांतर यशस्वी’ असा हिरवा शेरा येतो. मला सर्वांत जास्त राग याचा आहे. चूक झाली असे सांगितले असते, तर मी फाइल पुढे पाठवली नसती.

तेव्हा चॅनल मास्क वाचण्याची सोय दुरुस्त करा, आणि मास्क नसेल तिथे क्रम ग्राहकाला विचारा. मूळ आणि तयार फाइलची लांबी जुळल्याशिवाय यशस्वी म्हणू नका. या अपडेटनंतर ज्यांनी ५.१च्या फाइली काढल्या, त्या सगळ्यांना लगेच कळवा. त्यांच्या फाइली कदाचित प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्याही असतील. बिघडलेल्या रूपांतरांचे माझे पैसे परत मिळावेत.

चाचणी फाइल, तिचे रूपांतर आणि वेगळे काढलेले सहा ट्रॅक सोबत जोडले आहेत. ते ऑडिओची जाण असलेल्या इंजिनिअरला ऐकवून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपली,
एक सदस्य ग्राहक