लाइन गेली की सोलरही जातं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छतावरच्या सोलरबद्दल आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान, आणि बिल जवळजवळ शून्यावर. सगळं खरं आहे. आमच्या आळीतही काही छतांवर पॅनेल चढली. पण लाइट गेली की हे सोलर बंद पडतं, हे ना जाहिरातीत असतं, ना विकणारा सांगतो. मी वायरमनची नोकरी करून निवृत्त झालो, आता घरी मोटरी आणि बॅटऱ्या बघतो. त्यामुळे ‘काका, ऊन तर मरणाचं पडलंय, मग पंखा का फिरत नाही?’ असं विचारायला लोक माझ्याकडेच येतात.

फिरणारच नाही. ग्रिडला, म्हणजे गावच्या लाइनला, जोडलेल्या सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा) लाइनवरची वीज बघून चालतो. ती गेली की तो क्षणात आपणहून बंद होतो. आणि तो तसाच व्हायला हवा! नाहीतर फॉल्ट काढायला खांबावर चढलेल्या माणसाला कोणाच्या तरी छतावरून शॉक बसायचा. मी खांबावर आयुष्य काढलंय, त्यामुळे या नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की दोन-अडीच लाखांची यंत्रणा गळ्यात मारताना हे कोणी बोलत नाही. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाइन गेल्यावरही बॅटरीवर घर चालवणारा, घेतला तर गोष्ट वेगळी, पण अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर ठरतं, बॅटरीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. म्हणून बहुतेक जण बॅटरी टाळतात.

पुण्या-ठाण्यात लाइट तास-दोन तास जाते, तिथे हे चालून जाईल. आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं. नारळ-पोफळी आडव्या झाल्याच, शिवाय खांब मुळासकट उपटले, डीपी कलंडले. कितीतरी वाड्यांना लाइट परत यायला आठवडे लागले. त्यात कोरोनाचा काळ, मुलं मुंबईत अडकलेली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं.

निसर्गाच्या वेळी माझ्याकडे ७५ वॅटचं एक जुनं पॅनेल आणि ४० अँपिअर-अवरची बॅटरी होती, गोठ्यातल्या दिव्यासाठी बसवलेली. पॅनेलला मी नेहमी पाकळीचे नट लावतो, पाना लागत नाही. वादळाच्या सकाळी ते काढून खाटेखाली सरकवलं, म्हणून वाचलं. गोठ्याचा पत्रा मात्र कुठे गेला तो गेला. दुसऱ्या दिवशी अंगणात खुर्चीवर दक्षिणेला तोंड करून पॅनेल उभं केलं आणि बातमी वाडीभर झाली. मग पडवीत फोनची रांग. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव. बारीक पिनचे, चपट्या पिनचे, त्यात चार्जिंगच्या विजेऱ्या. आमची ही दारात बसून वही सांभाळायची आणि चार्जिंगला लावलेला फोन कोणी चालू केला की ओरडायची. टॉवरही बंद होते, पण टेकडीवर गेलं की कुठूनतरी रेंज मिळायची, आणि मुलाचा आवाज ऐकायचा तर फोनमध्ये जीव हवा.

जूनच्या मळभात ७५ वॅटचं पॅनेल ७५ वॅट देत नाही. दिवसाला शंभर-दीडशे वॅट-अवर (एक वॅट तासभर चालला की एक वॅट-अवर) हाती लागले तरी खूप. एक फोन भरायला, गळती धरून, वीसेक वॅट-अवर लागतात. पाच वॅटचे दोन बल्ब चार तास लावले की चाळीस गेले. म्हणजे दोन दिवे आणि तीन-चार फोन, एवढाच हिशोब. ऊन पडलं तर दोन-चार जास्त. वहीत नावं त्याहून कितीतरी जास्त होती. त्यामुळे ज्याच्या घरी आजारी माणूस त्याचा फोन आधी, असं ठरवावं लागलं. त्यावरून रुसवेफुगवेही झाले, ते सांगत बसत नाही.

खरी गंमत अशी की त्याच वाडीत घरटी नाही म्हटलं तरी बऱ्याच घरांत दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर होता. पहिल्याच रात्री पंखे, टीव्ही लावून लोकांनी तो रिकामा केला आणि मग लाइनची वाट बघत बसले. बॅटरी घरात होती, ती भरायची सोय नव्हती. ती करायला फार लागत नाही: १२ व्होल्टच्या बॅटरीला चालणारी दीडशे-पावणेदोनशे वॅटची दोन पॅनेल, एक सोलर चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा), आणि बॅटरीच्या प्लसला चिकटून एक फ्यूज. इन्व्हर्टर आहे तसाच राहतो. चांगल्या उन्हात अशी बॅटरी दोनेक दिवसांत भरते, मळभात चार-पाच. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. आणि ‘मोठं पॅनेल स्वस्त मिळतंय’ म्हणून ५४० वॅटचं आणून साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला लावू नका. त्याचा व्होल्टेज पन्नासच्या घरात जातो, त्याला तो व्होल्टेज बॅटरीपुरता उतरवणारा एमपीपीटी कंट्रोलरच लागतो.

आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. घरचा इन्व्हर्टर काहीही लावलेलं नसताना, नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॅट खातो. दिवसाला पाव ते अर्धा युनिट, म्हणजे अडीचशे ते पाचशे वॅट-अवर! पाच वॅटचा दिवा सहा तास जाळायला त्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त वीज लागत नाही. लाइट बरेच दिवस येणार नाही असं दिसलं की इन्व्हर्टर बंद करावा आणि दिवे थेट १२ व्होल्टवर घ्यावेत. फोनसाठी बऱ्याच कंट्रोलरवरच यूएसबीचं भोक असतं. फक्त १२ व्होल्टचे बल्ब नेहमीच्या होल्डरमध्येही बसतात, तेव्हा त्यांचे होल्डर वेगळ्या प्रकारचे ठेवा, नाहीतर लाइट आल्यावर घरातलं पोर हौसेने तोच बल्ब भिंतीवरच्या लाइनच्या होल्डरला लावायचं आणि तो उडायचा. खाऱ्या हवेत टर्मिनलला व्हॅसलीन आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरायच्या, सामानात बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली, हे सांगायला नको.

सरकारकडे भूमिगत केबलची मागणी होते, ती रास्तच आहे, पण ती होईल तेव्हा होईल. तोपर्यंत किनाऱ्यावरच्या तालुक्यांपुरता सूर्यघर योजनेत बॅटरीचा वेगळा विचार व्हावा. तीन किलोवॅटवाल्याला ७८ हजार देता, मग ज्याचं बिलच दोनशे रुपये येतं आणि ज्याला फक्त दोन दिवे आणि एक फोन जगवायचाय, त्याच्या छोट्या संचाला पाच हजार द्यायला काय हरकत? त्याला ग्रिडला जोडलेलं मोठं सोलर परवडतही नाही आणि वादळात उपयोगीही पडत नाही.

ग्रामपंचायतींनीही दर वाडीत एक चार्जिंगची जागा ठरवावी. शाळा, समाजमंदिर, काहीही चालेल. दोन पॅनेल, एक बॅटरी, यूएसबीच्या पट्ट्या. वादळाचा इशारा आला की पॅनेल उतरवून आत ठेवायची आणि वारा पडला की लावायची, हे काम एका माणसाच्या नावावर हवं. नाव नसेल तर पॅनेल उडतील, किंवा कुलपाची किल्ली तालुक्याला गेलेली असेल.

आणि छतावरचं सोलर विकणाऱ्या प्रत्येकाला कोटेशनवर मराठीत, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत एक ओळ छापायला लावा: ‘बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर ही यंत्रणा बंद राहील.’ त्याला ना अनुदान लागतं, ना निविदा.

आपला,
एक निवृत्त वायरमन
ता. श्रीवर्धन, जि. रायगड