जठरातली पिल्ले आणि हौदावरचा फेस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नामशेष झालेल्या ऑस्ट्रेलियन बेडकाची माहिती ‘अजब’ म्हणून छापून आली, त्यासंबंधी थोडे. क्वीन्सलँडच्या डोंगरी ओढ्यांतली ही मादी फलित अंडी गिळून सुमारे सहा आठवडे अन्नाला शिवत नसे आणि पूर्ण वाढलेली पिल्ले तोंडावाटे बाहेर टाकत असे, एवढे त्यात आले. ती अंडी पोटात पचत का नव्हती, हा मुख्य प्रश्न मात्र राहून गेला. अंड्यांभोवतीच्या चिकट आवरणात आणि पुढे पिल्लांच्या स्रावात प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य असे, त्यामुळे जठरातले आम्ल पाझरणेच थांबे. वीसेक पिल्लांनी जठर इतके फुगे की फुप्फुसे दबून जात आणि मादी त्वचेवाटे श्वास घेई. ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी याला नुसती गंमत समजू नये.

ऑस्ट्रेलियन बेडूकतज्ज्ञ मायकेल टायलर आणि त्यांचे सहकारी हे कोडे उलगडत असतानाच बेडूक संपला. १९८१ नंतर तो रानात दिसला नाही, पाळलेला शेवटचा १९८३ मध्ये मेला. जठरात पिल्ले वाढवणारी, १९८४ मध्ये सापडलेली दुसरी जातही पुढच्याच वर्षी दिसेनाशी झाली. बेडकांच्या त्वचेला जीवघेणा रोग करणाऱ्या कायट्रिड बुरशीवर मुख्य संशय आहे. गोठवून ठेवलेल्या पेशींपासून भ्रूण तयार केल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले खरे, पण तेही काही दिवसांपलीकडे जगले नाहीत.

आपल्या मराठवाड्यात पावसाची ओढ लागली की धोंडी काढताना बेडूक आठवतो. पाऊस पडल्यावर त्याच्याकडे कोण बघतो? मृगाच्या सरींनंतर हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर, मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला दिसतो. झाडावरच्या बेडकाची मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून तो करते आणि त्यात अंडी घालते. वरून तो सुकतो, आत ओल टिकते आणि काही दिवसांनी पिल्ले खालच्या पाण्यात टपकतात. आपण तो घाण समजून खराट्याने काढून टाकतो. कृपया यंदा जूनमध्ये या फेसाचे छायाचित्र ठळकपणे छापावे आणि पिल्ले पाण्यात उतरेपर्यंत हौद घासू नये, एवढी सूचना त्याखाली द्यावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, परभणी