पाऊस काय एक ओळ सोडून पडतो का?

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू अर्धा तास बोलत होतीस आणि मी नुसतं हं हं करत होतो, कारण मम्मी शेजारी बसलेली आणि तुझा आवाज रडवेला झालेला. आता रात्रीचे साडेदहा झालेत, लाईट आठला येणार होती ती आत्ता आली, मोटर चालू करून बसलोय तर म्हटलं लिहून टाकावं. मेसेज लांबलचक होईल पण वाच.

एम थ्रीचा, म्हणजे गणिताच्या पेपरचा, बॅक लागला त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. लागतात बॅक. पण सर धड शिकवत नाहीत, पेपर मुद्दाम अवघड काढला, रूममेट रात्री दोनपर्यंत फोनवर बोलत बसते, तपासणाऱ्याने मार्क कापले, हे सगळं तू एका दमात सांगत होतीस ना तेव्हा मला सारखं वाटत होतं की ही टेप आपण कुठंतरी ऐकलीय. मग आठवलं, माझीच आहे.

२००९ साल. तू पाच वर्षांची असशील. आपल्या द्राक्षांची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालेली, म्हणजे नोव्हेंबरच्या दहा-अकरा तारखेला बाग बरोबर फुलोऱ्यात. आणि नेमकं तेव्हाच फयान वादळ आलं, ११ नोव्हेंबरला किनाऱ्यावर धडकलं आणि इकडे नाशिकला पावसानं झोडपलं. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे डाऊनी रोगाला आवतनच, पानाखाली पांढरी बुरशी दिसायला लागली की घड तपकिरी पडून गळणार हे आपल्याकडे शेंबड्या पोराला पण माहिती. पावसाआधी एक फवारा आणि उघडीप मिळाली की लगेच दुसरा, एवढंच हातात असतं. मी दोन्ही मारले. तरी बाग गेली, अर्धी.

मग सुरू झालं माझं. पाऊसच असा होता की कोणाचं काय चालणार. दुकानदारानं औषध डुप्लिकेट दिलं. ट्रॅक्टरवरचा पोरगा गाडी पळवतो, पंप नीट मारत नाही. पारावर बसून मी हेच सांगायचो आणि लोकं पण माना हलवायची, कारण ज्याची त्याची बाग गेलेली. दुकानदाराशी बोलणं बंद केलं. त्या पोराला तर चार लोकांत इतका बोललो की तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

आठ दिवसांनी आजी गवताला बागेत गेली. गवताचा भारा तसाच बांधावर टाकून परत आली आणि मला म्हणाली, "काय रे, पाऊस काय एक ओळ सोडून पडतो का?"

मला कळेना. तिच्याबरोबर जाऊन बघितलं तर खरंच, एक ओळ बऱ्यापैकी, तिच्या शेजारची काळी, परत एक बरी, परत एक काळी. पूर्ण बागेत असंच. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर एका गल्लीतून वर जातो आणि पुढच्या गल्लीतून खाली येतो, त्यामुळे उजव्या बाजूच्या नोझलला एक ओळ दोन्ही अंगांनी मिळते आणि डाव्या बाजूला त्याच्या पुढची. डाव्या बाजूचे नोझल चोंदलेले होते. आणि ताई, सगळ्यात वाईट म्हणजे मला ते माहिती होतं. त्या पोरानं फवारणीच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, डावीकडचे थुंकतात नुसते, धुकं नाय पडत." मी म्हणलं होतं चालतंय रे, उद्या बघू. वीस मिनिटांचं काम, नोझल खोलायचे, जाळी धुवायची, परत बसवायचे.

आता बघ, मी खोटं बोलत नव्हतो. पाऊस खरंच पडला होता. दुकानदार काही साधू नाही, अजून पण नाही. म्हणून तर ते खापर इतकं घट्ट बसतं, त्यात थोडं खरं असतं. पण पावसाला जाऊन मी काय सांगणार होतो? जे माझ्या हातात होतं ते पान्यानं खोलण्याएवढं होतं आणि त्याच्याकडेच बघायचं नव्हतं मला. (हे एकट्या आपलं नाही बरं का. पुढच्या वर्षी, २०१० ला, लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा शेतकरी एक्सपोर्टरकडे बोट दाखवायचे, एक्सपोर्टर सरकारकडे, सरकार शेतकऱ्यांकडे. गरागरा नुसतं.)

त्या पोराकडे मी चार महिन्यांनी गेलो. दुसऱ्याच्या बागेत काढणीला होता. मला माफी वगैरे नीट मागता येत नाही तुला माहितीय, कसंबसं म्हणलं की चूक माझी होती, चार लोकांत तुला बोलायला नको होतं. तो म्हणाला जाऊ द्या ना भाऊ, आणि कात्री चालवत राहिला. कामाला काही परत आला नाही. आजही बाजारात भेटला तर नमस्कार करतो, मलाच खाली बघावं वाटतं.

तेव्हापासून फवारणीची वही लिहितो, तू बघितलीस ती लाल. तारीख, औषध, डोस, हवामान, आणि शेवटी एक रकाना आहे, "माझं काय राहिलं". तो रकाना मी कोणाला वाचून दाखवत नाही. यंदाच्या पानावर पण चार ओळी आहेत.

तुझे सर कसे शिकवतात मला माहिती नाही, असतील वाईट. रूममेटला बोल, नाहीतर रूम बदल, मी पैसे पाठवतो. पण उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव. भांडायला नाही, मार्क निघाले तर वाढवून घे की, पण आधी दार लावून एकटी बस आणि बघ कुठली ओळ काळी आहे. फीचे पैसे सकाळीच जीपे केलेत.

पाणी शेवटच्या ओळीला पोचलं वाटतं, जातो बघायला. मम्मीला यातलं काही सांगू नको, तिला अजून वाटतं औषधच डुप्लिकेट होतं.

तुझा,
पप्पा