साथीतले कर्तव्य एकतर्फी नको : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

२०२७च्या सिंहस्थात रामकुंडावर लोटणाऱ्या गर्दीत उद्या एखादी साथ उद्भवली, तर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना शासन काय देणे लागते, हे आजच लेखी ठरवावे, या विनंतीसाठी हे पत्र आहे.

लागण होईल या भीतीने साथीच्या काळात डॉक्टरने कर्तव्य सोडू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे विनियम सांगतात. हा दंडक योग्यच आहे. १९९४च्या प्लेगमध्ये सुरतेतील अनेक खासगी डॉक्टर शहर सोडून गेले, त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु या कर्तव्याचा इतिहास एकतर्फी नाही. इटलीतील पाविया शहराने १४७९ मध्ये प्लेगच्या रुग्णांसाठी वैद्य नेमला, तेव्हा त्याचे मासिक वेतन आणि त्याला द्यायचे घर करारात लिहून दिले होते. जिवावर बेतले तरी साथीत काम चालू ठेवा, असे बजावणाऱ्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७च्या संहितेने त्याच प्रकरणात समाजाची वैद्यकांप्रती असलेली बांधिलकीही नोंदवली होती. आपल्याकडे १८९७च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंत फुले यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्यांनी कोणत्या परिपत्रकाची वाट पाहिली नव्हती, पण म्हणून परिपत्रक काढणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही.

कोविडच्या काळात ती अर्धीच पाळली गेली. २०२०च्या दुरुस्तीने साथरोग कायद्यात डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षा आली आणि ५० लाखांचे विमाकवचही जाहीर झाले. मात्र दवाखाने बंद ठेवल्यास गुन्हा दाखल करू, अशा नोटिसा ज्या खासगी डॉक्टरांना मिळाल्या, त्यांच्यापैकी काहींच्या मृत्यूनंतर ‘त्यांची सेवा अधिग्रहित नव्हती’, म्हणजे शासनाने ती आदेश काढून आपल्या कामासाठी घेतलेली नव्हती, या कारणावरून विम्याचे दावे नाकारले गेले आणि कुटुंबांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. नोटीस काढताना डॉक्टर शासनाचा आणि दावा आला की परका, हा हिशेब कोणत्याही सरकारला शोभत नाही.

म्हणून दवाखाना उघडा ठेवण्याचा आदेश ज्या दिवशी निघेल, त्या दिवसापासून संबंधित डॉक्टर, इंटर्न, कंत्राटी परिचारिका आणि सफाई कर्मचारी यांची सेवा विम्यासाठी अधिग्रहित मानली जाईल, असा शासन निर्णय सिंहस्थापूर्वी काढावा. लागण झालेल्यांची पगारी रजा आणि उपचारांचा खर्च कोणत्या निधीतून भागवायचा, हेही त्यातच नमूद करावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. मसुद्यासाठी तज्ज्ञ शोधत मुंबईला जावे लागणार नाही.

आपला,
पंचवटीतील एक डॉक्टर, नाशिक