महागाई आणि ‘किरकोळ’?

‘किरकोळ महागाईत वाढ’ हा आपल्या अर्थविषयक पानावरचा मथळा वाचला. घाऊकच्या उलट किरकोळ, म्हणजे सुटी विक्री, हा बाजारातला अर्थ जुना आहे आणि बरोबरही. पण रोजच्या बोलण्यात किरकोळ म्हणजे क्षुल्लक : किरकोळ दुखापत, किरकोळ वाद, अंगाने किरकोळ माणूस. त्यामुळे घाईत पेपर चाळणारा हा मथळा ‘महागाईत किरकोळ वाढ’ असाच वाचतो. प्रत्यक्षात हा दर ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढतात. डाळ, तेल, भाजी, घरभाडे, औषधे, मुलांची फी, सारा घरखर्च त्यात येतो. रिझर्व्ह बँकेने तो ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्यात राखावा, असे उद्दिष्ट आहे. व्याजदर, म्हणजे पर्यायाने आपला गृहकर्जाचा हप्ता, ठरवताना प्रामुख्याने याच आकड्याकडे पाहिले जाते. यात किरकोळ ते काय? ‘किरकोळ विक्रेते’, ‘किरकोळ बाजार’ खुशाल राहू द्यावेत. तिथे कुणाचा गोंधळ होत नाही. महागाईपुरते मात्र ‘ग्राहक महागाई’ छापावे. मथळ्यात तो शब्द जागाही जास्त खात नाही.

– एक वाचक, सातारा