ब्रेड करायचाय ना? मग आधी पाणी गार कर

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

ब्रेडचा फोटो बघितला. वरचा भाग खचलाय, कडा आत ओढल्यात आणि तू म्हणतोस वास आंबूस येतोय. म्हणजे पीठ फुगलं नाही असं नाही, ते फुगून फुगून बसलं. यीस्ट खराब म्हणून टाकून देऊ नकोस. फोनवर सांगितलेलं अर्धं तू विसरतोस, म्हणून सगळं लिहून पाठवते. कागद ओट्यावरच्या कपाटाला आतून चिकटव.

यीस्टच्या पाकिटावर छापलेलं असतं की कोमट पाणी घ्या आणि पीठ उबदार जागी तासभर ठेवा. थंडीच्या मुलखात ते बरोबर आहे. मे महिन्यात कोल्हापुरात आपलं सगळं घरच उबदार जागा असतं. दुपारी ओट्यापाशी ३४ अंश सहज होतात आणि डब्यातला मैदाही तेवढाच तापलेला असतो. त्यात कोमट पाणी ओतलंस की मळून होईपर्यंत गोळा ३५ च्या वर जातो, अर्ध्या तासात दुप्पट होतो, आणि तू मात्र पाकिटावरचा तास मोजत बसतोस.

मळून झाल्यावर गोळा साधारण २६ अंशांवर हवा. त्यासाठी पाणी किती गार घ्यायचं याचा सोपा हिशोब आहे. २६ ची तिप्पट ७८. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि हाताने मळताना वाढणारे ३ अंश वजा कर. आता खोली ३४, मैदा ३३, म्हणजे पाणी ८ अंशांचं हवं. माठातलं पाणी एवढं गार नसतं, फ्रिजमधलंच घे. जानेवारीत खोली २२ आणि मैदा २१ असेल तेव्हा हाच हिशोब ३२ वर येतो, तेव्हा खुशाल कोमट घे. टोकदार सळईचा छोटा थर्मामीटर मिळतो तो आणून ठेव, पुढे ब्रेड भाजला का हे बघायलाही तोच लागेल.

सामान. आपला डबा ८ बाय ४ इंचांचा आहे, त्याला हे माप बसतं: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १९०, साखर १२, मीठ ६, तेल किंवा लोणी १५, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम. थंडीत यीस्ट ३ ग्रॅम कर. यीस्ट चमच्यानेच मोज, कारण आपल्या वजनकाट्यावर दोन-तीन ग्रॅम नीट उमटत नाहीत. ५ मिलीचा मापाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम. बाकी सगळं काट्यावरच, पाणीसुद्धा. वाटी वापरू नकोस. तीच वाटी दाबून भरली आणि सैल भरली तर मैद्यात वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि ब्रेडला तेवढा पुरतो.

मैदा घेताना पाकिटामागे १०० ग्रॅमला प्रथिने किती ते वाच. १०.५ च्या पुढे असेल तर घे. ९ वाला नानकटाईला चांगला, ब्रेडला कमी पडतो. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सुटा आणलास तर हे कळायला मार्ग नसतो, म्हणून निदान शिकताना पाकिटातलाच वापर आणि एकच कंपनी धर. दर वेळी मैदा बदललास तर चूक हाताची का पिठाची, कधीच समजणार नाही.

यीस्टमध्ये दोन प्रकार असतात. बारीक दाण्याचं इन्स्टंट थेट मैद्यात मिसळायचं. जाड गोल दाण्याचं ड्राय यीस्ट आधी ४० अंशांच्या चार चमचे पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवायचं, वर फेस आला तर जिवंत. हे चार चमचे १९० मधूनच काढायचे. आणि ते प्रमाणात पावपट जास्त लागतं. पाणी ५० च्या वर गेलं की यीस्ट दुखावतं, ६० ला मरतं. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये.

आता मळणं, आणि इथेच चपातीची सवय नडते. मैदा, साखर, यीस्ट एकत्र करून पाणी घाल, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत कालव आणि झाकून वीस मिनिटं सोडून दे. या वीस मिनिटांत मैदा पाणी पितो आणि तुझं निम्मं मळणं आपोआप होतं. मग मीठ घालून पाच मिनिटं मळ, मीठ मुरलं की लोणी घालून आणखी सहा-सात मिनिटं. तळहाताने पुढे रेट, दुमड, पाव वळसा फिरव, पुन्हा रेट. लोणी घातल्यावर गोळा सुटा सुटा होतो, बिघडला असं वाटतं. मळत राहा, दोन मिनिटांत परत जुळून येतो.

सुरुवातीला पीठ हाताला, ओट्याला, सगळीकडे चिकटेल. त्या वेळी मैद्याच्या डब्याकडे हात जाईल, तो जाऊ देऊ नकोस. एक मूठ मैदा ४० ग्रॅम धर. १९० पाण्याला ३०० मैदा म्हणजे ६३ टक्के, ३४० झाला की तेच ५६ टक्क्यांवर येतं, आणि ब्रेड घट्ट, कोरडा, दुसऱ्या दिवशी भुसभुशीत. हाताला थोडं तेल लाव, ओट्यावरचं उलथण्याने खरवडून पुन्हा गोळ्यात घे. दहा मिनिटांनंतर चिकटपणा आपसूक कमी होतो. पावसाळ्यात मैदा दमट असतो, तेव्हा सुरुवातीला १० ग्रॅम पाणी मागे ठेव, लागलं तरच घाल.

झालं का हे वेळेवरून ठरवू नकोस. लिंबाएवढा तुकडा तोड, बोटांनी चारी बाजूंनी हळूहळू ताण. पातळ पापुद्रा होऊन पलीकडचा उजेड दिसला आणि तो फाटला नाही, तर थांब. लगेच फाटला तर अजून तीन मिनिटं मळ. गव्हातल्या प्रथिनांचं जाळं ताणून तयार झालेलं असतं तोच हा पापुद्रा, आणि यीस्टचा वायू यातच अडकतो. जाळं नाही तर वायू निसटून जातो, मग फुगायला कितीही वेळ दे.

गोळा तेल लावलेल्या उभट काचेच्या बरणीत घाल आणि त्याच्या उंचीवर बाहेरून रबरबँड लाव. दुप्पट झालं का ते डोळ्यांना दिसतं. पसरट पातेल्यात भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. झाकण नक्की ठेव, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने वर कातडं धरतं आणि ते पीठ वर येऊ देत नाही. बरणी माठाशेजारी खाली फरशीवर ठेव, घरात तीच गार जागा. सध्या पाऊण तास ते तास लागेल, थंडीत दीड-दोन. अर्ध्या तासापासूनच बघायला लाग.

दुप्पट झाल्यावर पीठ लावलेलं बोट आत खुपस. खड्डा हळूहळू अर्धा भरून आला तर वेळ झाली. लगेच उसळून भरला तर थांब. तसाच राहिला आणि आजूबाजूचं पीठ खाली बसलं, तर उशीर झाला. पहिल्या फुगण्यात उशीर झाला तर फार बिघडत नाही, हवा काढून आकार दे आणि पुढचं फुगणं लवकर आटप. दुसऱ्यात उशीर झाला तर तुझ्या फोटोतला ब्रेड होतो.

दिवसभर घरी नसशील तर रात्रीचा मार्ग बरा, मला तर उन्हाळ्यात तोच पटतो. यीस्ट १ ग्रॅम, पाणी फ्रिजमधलं, मळून बरणी अर्धा तास बाहेर आणि मग आठ ते बारा तास फ्रिजमध्ये. सावकाश आंबल्यामुळे चव जास्त येते. सकाळी पाऊण तास बाहेर ठेवून आकार द्यायचा.

आकार देताना गोळा हलक्या हाताने दाबून डब्याच्या लांबीएवढा चौकोन कर, एका बाजूने घट्ट गुंडाळत ये, शेवटची कड चिमटीने बंद कर आणि ती कड खाली करून तेल लावलेल्या डब्यात ठेव. गुंडाळी सैल राहिली तर कापल्यावर मध्ये लांब बोगदा निघतो. लाटणं वापरलंस तरी हरकत नाही, पण पीठ भुरभुरवू नकोस, थर एकमेकांना चिकटत नाहीत.

आता झाकून ठेव आणि डब्याच्या काठाच्या वर मधोमध बोटभर, म्हणजे एक-दीड सेंटीमीटर, येईपर्यंत थांब. मेमध्ये तीस-चाळीस मिनिटं पुरतात. निम्मा वर आला की ओटीजी (आपला छोटा विजेचा ओव्हन) २०० अंशांवर लाव, दोन्ही रॉड चालू. निदान पंधरा मिनिटं तापला पाहिजे. त्याचा प्लग मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच, मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर नाही.

डबा सर्वांत खालच्या जाळीवर ठेव, कारण छोट्या ओटीजीत वरचा रॉड ब्रेडच्या डोक्याला टेकायला येतो. २०० वर दहा मिनिटं, मग १८० वर वीस ते पंचवीस. रंग आला की वर अॅल्युमिनिअम फॉइल सैल टाक. पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नकोस, ब्रेड तेव्हाच वर चढत असतो. शेवटी थर्मामीटर मधोमध खुपसून ९३ ते ९६ अंश दिसले की झाला. थर्मामीटर नसेल तर डब्यातून काढून बुडावर टकटक कर, पोकळ आवाज आला पाहिजे. रंग बघून फसू नकोस, वरून लाल आणि आत कच्चा असं सर्रास होतं.

वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, त्याचीही सोय सांगते. दुसरं फुगणं चालू असताना गेली तर डबा झाकून फ्रिजमध्ये ढकल, तासभर तग धरेल. भाजण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत गेली तर दार बंदच ठेव, आतल्या धगीवर पुरा होतो. अध्येमध्ये गेली तर जाड बुडाचा मोठा कुकर घे, रिंग आणि शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून वर जाळी ठेव. मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवून डबा आत ठेव, मंद ते मध्यमवर पस्तीस-चाळीस मिनिटं. वरून पांढराच राहील, तव्यावर उलटा करून दोन मिनिटं शेक.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत डब्यातून जाळीवर घे, नाहीतर वाफेने बूड ओलं होतं. आणि मग निदान तासभर हात लावू नकोस. गरम कापलास तर आतला भाग सुरीला लगद्यासारखा चिकटतो आणि तू म्हणशील कच्चा राहिला. दातेरी सुरीने, दाबून नाही, करवतीसारखा काप.

मिसळीसाठी करणार असशील तर आदल्या दिवशी कर. ताजा स्लाइस कटात बुडवला की विरघळून वाटीत तळाला जातो, दुसऱ्या दिवशीचा धरून राहतो. आणि कटाचा झणका सोसायला साखर १२ ची ६ केलीस तरी चालते, फक्त रंग थोडा फिका येईल.

साखरेऐवजी आपला गूळ घालायचा तर १५ ग्रॅम, मोजलेल्या पाण्यात विरघळवून गाळून. खडे आणि कचरा असतोच. पाणी गार करायला फ्रिजमध्ये ठेवशील तेव्हाच गूळ टाकून ठेव. दूध घालायचं तर उकळून पूर्ण गार करून, आणि वर फॉइल पाच मिनिटं आधी टाक, दुधाने रंग लवकर चढतो.

घरच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखणारं काही नसतं. उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर, पावसाळ्यात एकच. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा आणि कडक होतो. स्लाइस करून पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव आणि लागतील तसे थेट तव्यावर टाक. दमट दिवसांत एक वेगळंच होऊ शकतं: बुरशी दिसत नाही, पण पिकून गेलेल्या फळाचा वास येतो आणि ब्रेड तोडला की आत चिकट तार सुटते. हे भाजण्यातूनही तगणाऱ्या जिवाणूचं काम असतं. तो ब्रेड गाईलाही घालू नकोस, टाकून दे, आणि डबा, सुरी, ओटा व्हिनेगरने पुसून घे. नाहीतर पुढच्या ब्रेडलाही लागतं.

कणकेचा ब्रेड कधी करायचा असं विचारलंस. हा साधा नीट जमला, लागोपाठ सारखा आला, की ३०० पैकी ७५ ग्रॅम कणीक घाल आणि पाणी १० ग्रॅम वाढव. मग १५० कणीक आणि पाणी आणखी १० ने. कोंड्याचे कण जाळं कापतात, म्हणून तो मैद्याएवढा कधीच फुगणार नाही, डब्याच्या काठापर्यंत आला तरी पुरे, तिथेच भाजायला घाल. वरच्या डब्यातली खपली (जुन्या जातीचा गहू) मात्र यात घालू नकोस. तिचं जाळं कमजोर असतं, ब्रेड बसका होतो. ती खिरीसाठी आहे.

ताई बरी आहे, बाळही बरं. पुढच्या ब्रेडचा फोटो आतून कापलेला पाठव, बाहेरून काही कळत नाही. आणि सोबत मळून झाल्यावर गोळा किती अंशांवर होता ते लिही.

तुझी,
आई