बाबांच्या ध्वनिफितींची दुसरी प्रत: आमच्या बँकेतल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोरासमोर तुम्ही आभार मानू देत नाही. बाबांनी विषय काढला की तुम्ही आईकडे चहा मागता आणि बोलणं तिथेच थांबतं. म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. शिवाय तुम्ही आमच्या घरी जे करून दिलंत ते आणखी चार घरांत व्हावं असं मनापासून वाटतं, तेव्हा ते चारचौघांत सांगितलेलंच बरं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या जवळ, तळमजल्यावर. बाबा शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. नोकरीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून ते गुहागर, संगमेश्वरकडच्या वाड्यांमधून हिंडले. जात्यावरच्या ओव्या, नमन-खेळ्यांची गाणी, जाखडी नाचातले सवाल-जवाब त्यांनी कॅसेटवर उतरवून घेतले. पुढे त्या कॅसेटी संगणकावर चढवल्या, त्यांच्यावरचे लेख टाइप करून घेतले, वह्यांची पानं स्कॅन केली. ओव्या म्हणणाऱ्या आज्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत, आणि जुन्या कॅसेटींच्या फिती एकमेकींना चिकटायला लागलेल्या. त्या बायकांचा आवाज कुठे उरला असेल तर आमच्या पुढच्या खोलीतल्या संगणकात.

काका आमच्याच आळीतले, बँकेतून निवृत्त. बँकांमध्ये खात्यांच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंगची यंत्रं आली तेव्हा ती चालवायला शिकलेल्या पहिल्या फळीतले. दिवसाचा हिशेब बंद झाला, म्हणजे डे-एंड झालं, की फ्लॉपीवर बॅकअप घ्यायचा, एक संच शाखेत ठेवायचा आणि दुसरा शाखेच्या बाहेर, हा त्यांचा तेव्हाचा रोजचा नेम. बाबांचं काम त्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता, "मास्तर, याची दुसरी प्रत कुठाय?"

काका, तुम्ही तो प्रश्न नुसता विचारून थांबला नाहीत, याबद्दल पहिले आभार.

तुम्ही आम्हाला जो नियम शिकवलात तो जगभर तीन-दोन-एक म्हणून ओळखला जातो. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला, हे मला नंतर कळलं. कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. छायाचित्रकाराला हे सुचावं यात नवल नाही, कारण गेलेला क्षण पुन्हा काढता येत नाही. बाबांच्या ध्वनिफितींचंही तसंच. पण हा नियम आमच्या घरात बसवायचा तर पुष्कळ खटपट होती, आणि ती तुम्ही केलीत. तासाभराची कॅसेट वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे आवाज न कापता, घेतली की सहाशे एमबीच्या वर जाते. असा सगळा संग्रह आमच्या तेव्हाच्या इंटरनेटवरून वर चढवायचा म्हटलं तर महिने गेले असते. एमपीथ्री करून आकार कमी करावा असं सगळे म्हणत होते. तुम्ही ठाम नाही म्हणालात. ऐकायला, कुणाला पाठवायला एमपीथ्री खुशाल करा, पण मूळ फाइल जशी आहे तशीच राहिली पाहिजे, कारण एमपीथ्रीत एकदा कापलेला आवाज परत जोडता येत नाही.

मग दोन पोर्टेबल हार्ड डिस्क आल्या. एक घरी, एक पुण्याला ताईकडे. कुणी जाईल-येईल तेव्हा अदलाबदल करायची. शिमगा, गणपती, दिवाळी, आमच्या घरात माणसं जातातच, त्यांच्याबरोबर डिस्कही जाऊ लागली. लेख आणि टाइप केलेल्या फाइली आकाराने लहान, म्हणून त्या तेवढ्या क्लाउडवर, फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत आरामात मावल्या. डिस्क पहिल्यांदा जोडली तेव्हा बाबांनी डोळे बारीक करून विचारलं होतं, "एक टीबीचे पैसे घेतले आणि यात 931 जीबीच दिसतात, बाकीची जागा गेली कुठे?" कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, हे तुम्ही कागदावर भागाकार मांडून दाखवलंत. बाबांचं समाधान झाल्याशिवाय तुम्ही पुढे सरकला नाहीत. आमच्या घरात तुमच्याविषयी जो आदर आहे तो अशा वागण्यामुळे.

डेस्कटॉपवर तुम्ही 'रोजचा बॅकअप' नावाचं एक चिन्ह ठेवलंत. त्यावर दोनदा क्लिक केलं की विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी चालते आणि नव्या किंवा बदललेल्या फाइली डिस्कवर जातात. त्यात मिरर हा पर्याय तुम्ही मुद्दाम घातला नाहीत. मिरर केलं की इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. क्लाउडच्या फोल्डरचाही स्वभाव तोच असतो, आणि कचरापेटीत गेलेली फाइल ठरावीक दिवसांनी कायमची जाते. आजूबाजूला कितीतरी जण फोटो सिंक होतात म्हणून निर्धास्त असतात. त्यांना हा फरक कुणीतरी बसून समजावायला हवा. आम्हाला तुम्ही समजावलात. काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवायची, लावून ठेवायची नाही, हेही तुमचंच. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम आला तेव्हा त्याने संगणकाबरोबर त्याला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घातलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

सगळं लावून झालं, प्रती झाल्या, आम्ही खूश. तुम्ही म्हणालात, "आता मागे आणून दाखवा." आम्हाला कळेचना. ताईच्या लॅपटॉपला पुण्यातली डिस्क लावायची, तिच्यावरून बाबांचा एक लेख आणि एक ओवी उघडायची, आणि हे सगळं तिने एकटीने करायचं, तुम्ही फोनवरही काही सांगणार नाही, अशी तुमची अट. ओवी वाजली. लेख उघडला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांचा नुसता सडा. एक शब्द मराठी नाही.

बाबांचे लेख टाइप झाले ते श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जमान्यात. त्या फाइलींमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, आणि तो फॉन्ट संगणकावर असेल तरच मराठी दिसतं. ताईच्या लॅपटॉपवर फॉन्ट नव्हता. म्हणजे प्रत धडधाकट होती, आणि तरी बाबांचं लिखाण वाचता येत नव्हतं. तुम्ही ही परीक्षा घेतली नसतीत तर हे आम्हाला कधी कळलं असतं, याचा विचार अजूनही नको वाटतो.

महाराष्ट्रात अशी किती घरं असतील! 1990 च्या दशकापासून आमच्याकडे जे जे टाइप झालं, कथा, प्रबंध, गावाचा इतिहास, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, त्यातलं बरंचसं अशाच फॉन्टांमध्ये अडकलेलं आहे. त्याच्या दहा प्रती केल्या तरी फॉन्ट गेला की दहाही मुक्या.

त्यावर तुम्ही जे सुचवलंत ते मी मुद्दाम तपशिलाने लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. बाबांच्या संगणकावर त्या फाइली नीट दिसत होत्या तोवरच प्रत्येकीची पीडीएफ करून घेतली, फॉन्ट आत सामावलेली. वापरलेल्या फॉन्टांच्या फाइली बॅकअपमध्येच एका फोल्डरमध्ये ठेवल्या. आणि मग मोठं काम, सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या संकेतांमध्ये, आणणं. कन्व्हर्टर असतात, पण ते आंधळे असतात. 'दुसऱ्या'चं सरळ 'दुसर्या' होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटते, कारण जुन्या पद्धतीत ती आधी टाइप केलेली असते. ओव्यांमध्ये तर बोलीतले शब्द. तिथे शुद्धलेखन तपासणारं यंत्र काय कामाचं? बाबा आणि तुम्ही संध्याकाळी ओटीवर बसायचात. बाबा मूळ पीडीएफवरून मोठ्याने वाचायचे आणि तुम्ही युनिकोडच्या प्रतीवर बोट ठेवून जुळवायचात. बँकेत दोन जणांनी मिळून व्हाउचर तपासावं तसं. तुमचे डोळे तेव्हा मोतीबिंदूने थकलेले होते, हे आम्हाला फार उशिरा समजलं. त्या संध्याकाळींचं मोल आम्ही कशात फेडणार?

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं. 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती, तिच्याही वर टेबल उचलून बाबांनी संगणक ठेवलेला. पाणी ती खूण ओलांडून गेलं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. खाली आलो तेव्हा संगणक चिखलात आडवा, आणि कपाटातली डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीसकट गाळाने भरलेली. त्या पुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी गेलं होतं. गावाचंच एवढं गेलेलं असताना आपल्या फाइलींचं दुःख बोलून दाखवायचीही लाज वाटावी असे ते दिवस. फोन लागायला लागले त्यानंतर तुमचा पहिला निरोप आला: सगळे सुखरूप ना, आणि भिजलेली डिस्क वाळवून चालू करून बघू नका, वीज लागली की आतल्या गाळाने पृष्ठभाग खरवडला जाईल. तुमच्या स्वतःच्या घरात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं.

पुण्यातली डिस्क शिमग्याला बदललेली होती. त्यानंतरचं टाळेबंदीतलं बाबांचं तपासणीचं काम क्लाउडवर. ताईने दोन्ही जोडलं. तुम्ही प्रत्येक फाइलच्या चेकसमची, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणाऱ्या आकड्याची, यादी करून डिस्कवर ठेवली होती, ती तिने ताडून पाहिली. सगळं जुळलं. शिमग्यानंतर स्कॅन केलेली एका वहीची पानं तेवढी गेली, आणि ती वहीही भिजली; त्याची हळहळ बाबांना आजही आहे. पण ओव्या राहिल्या. ताईने फोन स्पीकरला लावून पहिली वाजवली ती संगमेश्वरकडच्या आजींची. जात्याची घरघर, मधेच बांगड्यांचा आवाज, मागे कुठेतरी कोंबडा. बाबा भिंतीला टेकून ऐकत उभे होते. आई रडली. मला तुम्हाला लगेच फोन करायचा होता, पण तुमचा लागत नव्हता.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिले. डिस्क उघडली की सगळ्यात वर 'आधी हे वाचा' नावाची साधी टेक्स्ट फाइल दिसते. कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, कॅसेटवरचा क्रमांक आणि फाइलचं नाव यांचा मेळ कसा लावायचा, पासवर्डचा कागद कुणाच्या कपाटात आहे, सगळं तीत लिहिलेलं. बाबांना ती लिहायला लावताना तुम्ही म्हणालात, "मास्तर, तुम्ही नसाल तेव्हा मुलींना कळलं पाहिजे." असं आमच्या घरात कुणी बोलू धजलं नसतं. बाबांनी मात्र ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच रात्री ती फाइल लिहून काढली.

तुम्ही नाशिकला लेकीकडे गेल्यापासून आळीत तुमची जागा बाबांनी घेतली आहे. पलीकडच्या भजनी मंडळाच्या ध्वनिफिती आणि एका शिक्षिकेच्या कवितांच्या फाइली सध्या त्यांच्याकडे आहेत. प्रत झाली की तेही आता समोरच्याला मागे आणून दाखवायला सांगतात, अगदी तुमच्या आवाजात. डिस्क जुन्या झाल्या म्हणून दिवाळीत दोन्ही बदलल्या. जात्यावरच्या ओव्यांचा युनिकोड मजकूर पूर्ण झाला आहे. जाखडीचा चालू आहे, आणि तिथे एका सवालात बाबांना दोन शब्द नीट ऐकू येत नाहीत. ती फाइल तुम्हाला पाठवते आहे. कान लावून बघा आणि कळवा.

काकूंना नमस्कार. डोळ्यांची काळजी घ्या.

तुमची,
मास्तरांची धाकटी